टाकी धुतल्याची हाळी

आमच्या बोरदऱ्यात कोंबडा आरवला म्हणून कुणी उठत नाही. गाव उठायचं ते ज्ञानेश्वरीच्या हाळीनं. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायच्या आधी ती गावच्या दूध केंद्रातली मोठी स्टीलची टाकी धुवायची आणि धुऊन झाली की खणखणीत आवाज द्यायची, "टाकी धुतली वं!" त्यावर तिचा नवरा गोरक्ष ओरडायचा, "कॉक लावला!" टाकीच्या बुडाला धुण्याचं पाणी बाहेर जायला एक कॉक आहे. धुताना तो उघडा ठेवायचा, धुऊन झालं की बंद करायचा आणि मगच गावाचं दूध आत ओतायचं. धुणारी ती, कॉक लावणारा तो. केंद्र सुरू झालं तेव्हापासूनची ही वाटणी.

बोलणं कामाचंच होतं, पण पहाटेच्या त्या दोन आरोळ्यांवर सगळं गाव चालायचं. पहिलीला आम्ही अंथरूण सोडायचो, दुसरीला गायीखाली बसायचो. मोबाईल घरटी दोन-दोन आहेत, पण गजर कुणी लावत नव्हतं. नवरा-बायको जोडीनं फुकटात उठवतात म्हटल्यावर कोण कशाला लावेल?

मी उभा जन्म या गावात अंगणवाडी चालवली. पस्तिशीच्या आतलं एकही नाक गावात असं नाही, जे मी पुसलेलं नाही. गोरक्षचंही पुसलंय. म्हणून लोक मला बाई म्हणतात आणि थोडे बिचकूनही असतात, ते बरंच आहे. नोकरी संपली तेव्हा हातात शाल आणि नारळ आला. आमचे मालक त्याआधीच गेले होते. तेव्हापासून दोन गायी हाच माझा हक्काचा आधार. केंद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि भरली किटली घेऊन माझे गुडघे तेवढंच चालतात. दुसरं केंद्र थेट फाट्यावर. हे केंद्र बंद पडलं तर मला गायी विकाव्या लागल्या असत्या. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये हे मलाही कळतं, पण हे भांडण माझ्या गोठ्यात येऊन बसलं होतं.

झालं असं. ज्ञानेश्वरीचं माहेर पुणतांब्याचं. तिचे वडील, अण्णा, मोरीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. भाऊ पुण्यात नोकरीला, तो सुट्टी काढून आला तसा गेला. आई स्वतःच थकलेली. ज्ञानेश्वरीला पंधरा दिवस जायचं होतं आणि तिनं ते सकाळी दूध घेता घेताच नवऱ्याला विचारलं. आम्ही सगळे किटल्या घेऊन रांगेत उभे. गोरक्षनं वजनकाट्यावरून मान वर केली नाही.

"तू गेल्यावर फॅट कोन काढनार? आन् तुज्या बापाला पोरगा हाय की. त्यानं बगावं. लगीन करून दिलेल्या पोरीचा काय संबंद?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मच्छिंद्र असणार, तो मयतीलाही हसतो. ज्ञानेश्वरीनं हातातली दुधाची वाटी फॅटच्या मशीनखाली ठेवली, आकडा बघितला आणि पाटीवर लिहिला. त्या घडीपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

गोरक्ष वाईट माणूस नाही. अंगणवाडीतही तो असाच होता. भीती वाटली की शेजारच्याला ढकलून द्यायचा आणि मग स्वतःच भोकाड पसरायचा. पण बायको म्हणजे काही शेजारच्या पाटावरचं पोर नाही. आणि मला विचाराल तर अबोल्यापेक्षा भांडण परवडलं. भांडणारी माणसं दमतात तरी.

केंद्र मात्र दोघांशिवाय चालण्यासारखं नव्हतं. तो वजन करणार, ती फॅट काढून त्याला सांगणार. आता सांगायचं कसं? मग निरोप सुरू झाले.

"भाऊजी, ह्यांना सांगा, फॅट चार."

"मच्छिंद्र, तिला म्हनावं पुन्यांदा लाव, म्हशीचं हाय ते."

दोघांत अंतर चार पावलांचं, आणि मधे किटली घेऊन उभा राहील तो पोस्टमन. मच्छिंद्रला हे काम मनापासून आवडलं. निरोपात तो पदरचं तिखट-मीठ घालायचा. तिनं "चरवी सरकवायला सांगा" म्हटलं की हा सांगायचा, "वहिनी म्हनत्यात, येवढं बी कळत न्हाई का." त्यावर गोरक्षचे कान लाल व्हायचे आणि रांग आणखी लांबायची. घरात हेच काम त्यांची मुलगी संस्कृती करत होती. सातवीतली पोर, वाटी घेऊन आईकडून बापाकडे, बापाकडून आईकडे.

आणि हाळी बंद झाली. टाकी मुक्यानं धुतली जायची, कॉक मुक्यानं लागायचा. ती स्टुलावरून उतरल्याचा आवाज आला की तो जाऊन कॉक फिरवायचा. गाव तसंच झोपून राहिलं. पोरांची नगरची एसटी चुकायला लागली. माझा मुलगा सुप्याच्या कंपनीत कामाला आहे, त्याची कंपनीची बस चुकली. साहेबाची बोलणी खाऊन आला आणि बायकोवर घसरला. वड्याचं तेल वांग्यावर. सुनेनं ते लेकरावर काढलं, आणि उरलेलं माझ्या ताटातल्या आमटीत मीठ होऊन आलं.

बायका तर केंद्रावरून घरी जाताना ज्ञानेश्वरीचा प्रश्नच सोबत घेऊन गेल्या. "माजा बाप पडला तर तुमी मला पाठवनार का?" असं घराघरात विचारलं जाऊ लागलं. मच्छिंद्रनं "तवाचं तवा बगू" असं उत्तर दिलं. त्याच्या बायकोनं त्या दिवशी भाकरी थापल्या नाहीत, "तवाचं तवा बगू" म्हणाली. बचत गटाच्या बैठकीत सासवा एकीकडे आणि सुना दुसरीकडे बसल्या. एक दिवस अंगणवाडीच्या नव्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून पोरांची भातुकली दाखवली. चार वर्षांची एक चिमुरडी दुसरीला सांगत होती, "ह्यांना म्हनावं जेवून घ्या, मी बोलनार न्हाई." मला आधी हसू आलं, मग ते विरलं.

हळूहळू लोक दूध घेऊन फाट्यावर जायला लागले. तिथं रांग पटकन सरकते म्हणायचे. दुपारी आणि रात्री डेअरीचा टँकर घेऊन येणारा सुनील एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्या गावची टाकी अर्धी बी भरना. सायेब म्हनत्यात, येवढ्या दुधासाठी गाडी आत कशाला घालायची? ह्या आठवड्यात सुदारलं न्हाई तर बंद करनारेत." मी घरी आले आणि गायींपुढे वैरण टाकताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

त्यातच ती सकाळ उजाडली.

मी जरा उशिरानं किटली घेऊन निघाले. केंद्राच्या भिंतीलगत गटार आहे, तिथं गावातली सगळी कुत्री ओळीनं उभी. एरवी एकमेकांच्या नरड्याला लागणारी, पण आज कुणी कुणावर गुरगुरत नव्हतं. शेपट्या हलवत माना खाली घालून चाललं होतं. मी चार पावलं पुढे जाऊन बघितलं. गटार पांढरं होतं. दुधानं भरून वाहत होतं, मारुतीच्या देवळापर्यंत.

आत सगळं रोजच्यासारखं. गोरक्ष वजन करून मच्छिंद्रची किटली टाकीत ओतत होता.

"गोरख्या, थांब," मी म्हटलं. "वतू नको. खाली कॉक बग."

तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं कॉक फिरवला आणि तिथंच पायरीवर बसला. धुण्याच्या वेळी नेमका त्याला फोन आला होता. ती स्टुलावरून कधी उतरली ते त्याला कळलं नाही. पाण्याचा आवाज थांबलाय म्हणजे तिनंच कॉक लावला असेल, असं त्यानं धरलं. तो लावेलच, असं तिनं धरलं. "लावला का?" एवढं विचारायला दोघंही तयार नव्हते, आणि इतक्या पहाटे निरोप न्यायला तिसरं कुणी हजर नव्हतं.

बघता बघता गर्दी जमली. सगळ्यात आधी मच्छिंद्र पेटला, कारण त्याच्या दोन्ही म्हशी गटारात गेल्या होत्या. एवढे दिवस हसत होता, आता म्हणाला, "तुमच्या घरच्या भांडनात आमचं दूध का सांडायचं?" दुसरे म्हणाले, आता फाटाच बरा. दोघं तर किटल्या मोटारसायकलला अडकवून निघालेसुद्धा. ज्ञानेश्वरी मशीनमागून बाहेर आली. तिनं गटार बघितलं, कुत्री बघितली आणि पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"बाई, ह्यांना सांगा..."

माझं डोकंच फिरलं. "न्हाई सांगनार," मी म्हटलं.

"बाई, आवो..."

"मी पोरांचे शेंबूड पुसायला हुते, निरोप न्यायला न्हाई. त्यो बग, पायरीवर बसलाय. भैरा न्हाई, परगावी गेला न्हाई. तूच सांग."

गोरक्षनं मदतीसाठी मच्छिंद्रकडे बघितलं. मीही मच्छिंद्रकडे बघितलं. "मच्छ्या, आज तोंड उगडलंस तर याद राख." त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मग मी सगळ्या रांगेला सांगितलं, "ह्यांचा निरोप आजपासून ह्या गावात कुनी न्यायचा न्हाई. आपुन गंमत म्हनून नेत बसलो. न्हेले नसते तर दुसऱ्याच दिशी हे बोलले असते."

पंधरा-वीस माणसं किटल्या हातात धरून उभी, आणि बाहेरून कुत्र्यांच्या चाटण्याचा आवाज. ज्ञानेश्वरी उंबऱ्यात, गोरक्ष पायरीवर. शेवटी गोरक्ष भिंतीकडे बघून म्हणाला,

"कॉक म्या लावला न्हाई."

"भिताडाला काय सांगतो?" मी म्हटलं.

तो उठला, वळला आणि तिच्याकडे बघितलं. "कॉक म्या लावला न्हाई. माजी चूक हाय."

"मी बी हाळी दिली न्हाई," ती म्हणाली. अगदी हळू, पण त्यालाच.

सगळ्यांना वाटलं मिटलं. मला माहीत होतं, मिटलेलं नाही. तिचं दुखणं कॉकचं नव्हतंच. जे चारचौघांत बोलला ते चारचौघांतच मागं घ्यायला हवं होतं, आणि ती तशीच उभी राहिली, हलली नाही. त्यालाही ते उमगलं असावं. त्यानं एकदा रांगेवरून नजर फिरवली, जशी काही परीक्षाच होती.

"आन् तुज्या वडलांचं बोललो ते लई वाईट बोललो. मला भ्याव वाटलं. तू गेल्यावर हे मला येकट्याला जमायचं न्हाई, ह्याचं भ्याव. येवढ्या लोकाम्होरं तसं कसं सांगायचं, म्हनून तुज्या बापावर घसरलो." मग म्हणाला, "अण्णांचं कसं हाय आता?"

इतक्या दिवसांत न रडलेली ती पोर उंबऱ्यातच खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

"काल उभं केलं त्यांना," ती म्हणाली. "वॉकर धरून दोन पावलं टाकली. फोनवर रोज इचारत्यात, बया कदी येतीस. मी रोज उद्या म्हनते."

रांगेतल्या बायांनी डोळे पुसले. बापे आपापल्या किटलीच्या झाकणाकडे बघत राहिले. नाक ओढल्याचा आवाज आला, बघते तर मच्छिंद्र. मीही पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू.

"आजच जा," गोरक्ष म्हणाला. "दुपारच्या गाडीनं. मी बसवून देतो."

"जाईल," मी म्हटलं. "पर आदी टाकीचं बगा."

कारण अजून गावाचं केंद्र वाचलेलं नव्हतं. ज्ञानेश्वरीनं डोळे पुसून झाकण उघडलं आणि आत डोकावली. टाकीत दूध ढवळायला एक पातं फिरतं. दूध त्या पात्याला लागेल इतकं असेल तरच दूध थंड करायचं मशीन चालू करता येतं, नाहीतर तळाला बर्फ धरतो आणि दूध वाया जातं. मशीन चालू झालं नाही तर दुपारी सुनीलला गरम दूध दिसणार, तो ते घेणार नाही, आणि साहेबाला आयतं निमित्त मिळणार. ज्ञानेश्वरी मान वर काढून म्हणाली, "पातं कोरडं हाय."

मी माझी किटली ओतली. पातं कोरडंच. रांगेतल्या सगळ्यांनी ओतलं, तरी चार बोटं कमी. मग मी म्हटलं, घरी चहाला ठेवलेलं आहे, ते आणते. माझ्यामागं आणखी चारजणी निघाल्या.

"तापवलेलं आनू नगा," ज्ञानेश्वरी मागून ओरडली. "कच्चंच आना." तो ओळखीचा खणखणीत आवाज गल्लीभर गेला आणि जे घरात होते तेही दारात आले.

कुणी तांब्या आणला, कुणी पातेलं. नातवासाठी काढून ठेवलेलं आणलं, खरवसासाठी शेजारणीला कबूल केलेलं मात्र ज्ञानेश्वरीनं परत पाठवलं, चीक चालत नाही म्हणाली. प्रत्येक भांड्याची फॅट काढूनच ती आत घेत होती. घाई असली म्हणून काय झालं?

"आवं, फॅट चार दोन," ती म्हणायची.

"चार दोन," तो म्हणायचा आणि ओतायचा.

मधे कुणी नाही. मच्छिंद्र दोन मिनिटं नुसता उभा राहिला, मग मोटारसायकल काढून फाट्याकडे निघालेल्या दोघांच्या मागं गेला. या खेपेला निरोप त्यानं पदरचं काही न घालता दिला असावा, कारण दोघंही किटल्यांसकट परत आले. त्यांचं दूध ओतलं आणि ज्ञानेश्वरी आत बघून म्हणाली, "लागलं." गोरक्षनं बटण दाबलं. मशीन घरघरलं, पातं फिरायला लागलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच पायरीवर बसले.

त्या दिवशी सगळं बोरदरं कोरा चहा प्यालं. दुपारी सुनील आला, टाकीत मापाची काडी बुडवून बघितली, थर्मामीटर बघितला आणि पाईप जोडला. त्यालाही कोराच चहा मिळाला. "आज काय गावाला उपास हाय का?" त्यानं विचारलं. कुणी सांगितलं नाही.

निघायच्या आधी ज्ञानेश्वरीनं माझ्या सुनेला फॅटच्या मशीनपाशी उभं केलं आणि दोन-चारदा करून दाखवलं. सून बारावी झालेली, हाताला वळण आहे. तिला एकटीला भार नको म्हणून मच्छिंद्रच्या बायकोनं सकाळची पाळी घेतली. संस्कृती जेवायला माझ्याकडे. हे सगळं ठरवायला किती वेळ लागला म्हणता? गोरक्षनं बायकोची पिशवी भरून आणेपर्यंत ठरलं होतं. ज्याला तो इतके दिवस भीत होता ते हे एवढंच होतं. नगरच्या गाडीत तो स्वतः चढला, जागा धरली, पिशवी वर ठेवली आणि कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्यावर उतरला. पुढे नगरला तिला पुणतांब्याकडे जायला कोपरगावची गाडी मिळणार होती.

संध्याकाळी मी मुद्दाम लवकर गेले. गोरक्ष स्टुलावर चढून टाकी धूत होता. ज्ञानेश्वरीएवढी सफाई नाही, अंगावरच जास्त पाणी घेतलं. धुऊन झाल्यावर उतरला आणि हातात घासणी घेऊन नुसता उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय. मग त्यानं हात पुसले, मोबाईल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"टाकी धुतली वं!" तो असा ओरडला, की मोबाईल नसता तरी पुणतांब्याला ऐकू गेलं असतं.

पलीकडून आधी एक म्हातारा, थकलेला आवाज आला. "कोन वरडतंय गं?"

"आपलंच मानूस हाय, अण्णा," ज्ञानेश्वरीचा आवाज आला. हसत होती. मग तो आवाज फोनच्या जवळ आला. "आवं, वरडताय काय? कॉक लावा आदी."

तो वाकला. "लावला," म्हणाला. रांगेतले सगळे हसले, आणि या वेळी मच्छिंद्रचं हसू मला टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हाळीच्या आधीच जागी होते. शेजारच्या खोलीत मुलगा-सून अजून झोपलेले. गोठ्यात गाय खसफसली. मग केंद्राकडून आवाज आला, "टाकी धुतली वं!" गोरक्षचा गळा बायकोसारखा खणखणीत नाही, पण चालतो. आतल्या खोलीत कुणीतरी पांघरूण सारलं, समोरच्या घरात दिवा लागला. फोनवर पुणतांब्याहून ती काय म्हणाली ते मला अंथरुणात ऐकू येणं शक्य नव्हतं. पण गोरक्षचं उत्तर ऐकू आलं.

"व्हय, लावला!"

मी चरवी घेतली आणि गायीखाली जाऊन बसले.